कॉलरला पाणी लावू नका

बसा ताई, बसा. वीज गेलीय म्हणून इस्त्री थंड पडलीय, नाहीतर तुम्हाला इतकं ताटकळावं लागलं नसतं. हा कंदील जरा अलीकडे ओढतो. गाठोडं असू द्या काउंटरवर. आतल्या बाईंनी तुम्हाला ‘बसा, आलेच’ म्हणून सांगितलं, म्हणालात ना? बरं. मी मागे वाळलेले कपडे काढत होतो, मला ऐकू आलं नाही.

कपडे सात. चार शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर. पुरुषाचे आहेत आणि तो माणूस बसून काम करणारा होता, कारण शर्टांच्या पाठी विरल्यात आणि कोपरं शाबूत आहेत. ड्रायव्हर? बसचे? मला वाटलंच. गाठ सोडताना तुम्ही वरचा निळा शर्ट नाकाशी नेलात आणि पटकन खाली ठेवलात, तेही पाहिलं मी. किती दिवस झाले? अकरा. हं.

शेजारणीने सांगितलं असेल, कपडे घरात ठेवू नका, धुऊन वाटून टाका, मन मोकळं होईल. सांगणारे बरंच काही सांगतात. मला समोरचा शिंपी दोन वर्षं रोज सांगायचा, माणसात या, माणसात या. जसा काही मी तोवर झाडावर राहत होतो. तुमची शेजारीण मनाने चांगली असेल, तिच्यावर रागावू नका. पण तुम्ही मला आत्ता जे विचारलंत, निळा शर्ट कॉलर सोडून धुता येईल का, कॉलरला पाणी न लावता, ते मला याआधी एकाच गिऱ्हाइकाने विचारलं होतं. त्याची गोष्ट ऐका आणि मग काय ते ठरवा. वीज यायला अवकाश आहे.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अडीच वर्षांपूर्वी आमची ही गेली. छातीचं दुखणं होतं, शेवटचे चार महिने खोकला काही थांबला नाही. दुकान आम्ही दोघांनी मिळून चालवलेलं. धुणं आणि इस्त्री माझ्याकडे, काउंटर आणि खुणा तिच्याकडे. प्रत्येक कपड्याला आतून लाल दोऱ्याने नंबराची चिंधी बांधायची, ते काम तिचं. डावखुरी होती, त्यामुळे तिची गाठ उलटी पडायची. दुसऱ्या लॉन्ड्रीत कपडा गेला तरी गाठ बघून मी ओळखला असता.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. करायचं काय ते सुचेना, म्हणून हाताला सवय होती ते केलं. तिचं होतं नव्हतं ते सगळं भिजवलं. अंगावरचे कपडे, शाल, उशीचा अभ्रा, टॉवेल, रुमाल. दिवसभर राबलो. संध्याकाळी इस्त्री करून घड्या घातल्या, एक घडी उचलून तोंडाशी धरली, तर साबणाचा वास. दुसरी उचलली, साबण. सगळा ढीग उपसला ताई. तीस वर्षांच्या धंद्यात इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. त्या ढिगापाशी बसून मी लहान पोरासारखा रडलो.

तर त्यानंतर दीड वर्षाने टपालवाले काका आले.

म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले. या गल्लीत पंचवीस वर्षं पत्रं वाटली त्यांनी, सगळे त्यांना काकाच म्हणत. बायको फार पूर्वी गेलेली, घरात काका आणि त्यांची मुलगी. मुलगी इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. एकदा साथीचा ताप पसरला, तिथे माणसं कमी पडली, हिलाही ताप होता तरी ही कामावर जात राहिली. एका संध्याकाळी घरी आली, पांढरा कोट खुर्चीवर टाकला, पाच मिनिटं पडते म्हणाली. ती उठलीच नाही.

त्यानंतर काकांची रया गेली. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला, शिंपी त्यांना बळेबळे चहा पाजायचा. पाचसहा महिने असे गेले. आणि एका सोमवारी सकाळी ते इथे उभे राहिले. हातात पांढरा कोट. म्हणाले, “हा धुऊन द्या. पण कॉलरला पाणी लावू नका.”

मला वाटलं, बिचारे म्हातारे. वास जपायचा असेल. मी हो म्हटलं आणि कोट पालथा केला.

मी डाग वाचतो, ताई. डॉक्टर नाडी बघतो तसं आमचं असतं. सहा महिने टांगून ठेवलेल्या कोटावर धूळ असते, घड्यांवर पिवळी रेघ असते. या कोटाच्या खिशाला ताजी शाई होती. बाहीच्या कडेला टेबलावर घासून झालेला मळ. काखेत घाम, तोही एकदोन दिवसांचा. मी म्हटलं, काका स्वतःच घालत असणार हा कोट, माणूस दुःखात काहीही करतो. पण काका रुंद खांद्यांचे. त्यांच्या एका दंडात ती बाही उसवली असती. खिशात एक लांब केस सापडला, तो मी कागदात गुंडाळून परत दिला. काकांनी तो बघितला आणि म्हणाले, “हिचे केस फार गळतात हल्ली.”

मी नंबराची चिंधी बांधली. गिऱ्हाइकाच्या खिशातल्या गोष्टी आपण विचारत नाही.

दर सोमवारी कोट यायला लागला आणि दर सोमवारी काका सुधारलेले दिसायला लागले. दाढी झाली. चपला एकसारख्या झाल्या. शिंप्याशी थट्टामस्करी सुरू झाली. गल्लीत सगळे मला काकांचं उदाहरण द्यायचे, बघा, या वयात पोटची पोर गेली तरी माणूस कसा सावरला. काका स्वतः माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, धीर धरा, तुमचंही होईल बरं. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगतो, हेवा वाटायचा.

आणि इकडे कोट मात्र बिघडत चालला होता. दहा आठवड्यांत दहा वर्षं वापरल्यासारखा झाला. कोपरं विरली. बाह्यांची किनार सुटली. घाम वाढत गेला, आधी काखेत, मग पाठभर, मग कमरेपर्यंत मिठाच्या रेघा. आणि तो साधा घाम नव्हता. तापातल्या घामाला आंबूस वास असतो, तो कितीही धुतला तरी पहिल्या पाण्यात वर येतो. मी इतका घाम फक्त एकाच माणसाच्या कपड्यांवर पाहिला होता, आमच्या हिच्या, शेवटच्या महिन्यात.

शेवटी मी विचारलं. काका, कोण घालतं हा कोट?

काका जराही बिचकले नाहीत. रविवारी संध्याकाळी चहाला या म्हणाले.

दोनच खोल्या होत्या. आतल्या खोलीत टेबल, खुर्ची आणि दाराच्या मागे खुंटीवर कोट. मीच चार दिवसांपूर्वी इस्त्री केलेला. काकांनी चहा केला, बिस्किटं काढली, टपालातले जुने किस्से सांगितले. मी हसलोही. सहाच्या सुमाराला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “येईल आता. बोलू नका तिच्याशी, तिला कामात आवडत नाही.”

खोलीत स्पिरिटचा वास आला. इंजेक्शन देण्याआधी दंडाला लावतात तो. मग काचेच्या नळ्या एकमेकींना लागल्याचा बारीक आवाज. मी खुंटीकडे पाहिलं, ती रिकामी होती. कोट खुर्चीवर होता आणि आतून भरलेला होता. पाठ ताठ, खांदे थोडे पुढे झुकलेले, उजवी बाही टेबलावर सरकत होती, लिहिताना सरकते तशी. कागद नव्हता, पेन नव्हतं, पण खरखर ऐकू येत होती. कॉलरच्या वर काय होतं ते मला विचारू नका. मी वर पाहिलं नाही.

काका तिला दिवसभराचं सांगत होते. भाजी महाग झाली, शिंप्याचा पाय मुरगळला, आज लॉन्ड्रीवाले आलेत बघ. बाही थांबत नव्हती. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या कोटाची पाठ ओली होत गेली. मणक्यापाशी एक रेघ उमटली, ती पसरली, खाली उतरली. श्वास ऐकू यायला लागला... ओढून ओढून घेतलेला.

मी हळूच म्हटलं, “काका... ती दमलीय.”

“कामच तसं आहे.”

“तिला ताप आहे, काका. सुट्टी कधी होते तिची?”

काकांनी कप खाली ठेवला. “होत नाही. कामावर शेवटपर्यंत हाच कोट होता ना तिच्या अंगावर... त्यात जेवढं होतं तेवढंच आलं. हसणं नाही आलं. बाबा म्हणून हाक मारणं नाही आलं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “पण मला बरं वाटतंय हो. किती महिन्यांनी मला जेवण गोड लागतंय. ते माझं काढून घेऊ नका.”

मी चहा तसाच टाकून निघालो. जिन्यावरही ती खरखर माझ्या मागे येत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. काका कोट घेऊन आले, नेहमीसारखे म्हणाले, कॉलरला पाणी लावू नका. मी हो म्हटलं.

आणि दुपारी मी ती कॉलर धुतली.

साबणाची वडी घासली, ब्रश घेतला, गरम पाणी घेतलं. पहिलं पाणी काळं निघालं. दुसरं पिवळं. सातवं पाणी ओतलं तरी रंग निघतच होता. हात सोलवटले. आठव्या पाण्याला ते स्वच्छ झालं आणि माझ्या कानापाशी, अगदी जवळ, कुणीतरी लांब श्वास सोडला. हुश्श... दिवसभर उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा खाली बसतो ना, तसा. मग मोरीत मी एकटा होतो.

मला त्या वेळी वाटलं, पुण्य केलं. रात्री वाटलं, कशाचं पुण्य? माझं माणूस परत येत नाही, मग यांचं का यावं, म्हणून तर नाही केलं? मला अजूनही माहीत नाही ताई. दोन्ही खरं असेल.

गुरुवारी काकांनी काउंटरवर उभं राहून कॉलर नाकाशी नेली. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. त्यांनी कोटाची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, हाताने सपाट केली. जाताना एवढंच म्हणाले, “तुमचंही माणूस गेलंय. म्हणजे तुम्हाला कळत होतं.”

काका वीस दिवसही जगले नाहीत. जेवणच सोडलं त्यांनी. शिंपी रोज डबा घेऊन जायचा आणि तसाच परत आणायचा. गल्लीत लोक म्हणाले, इतका सावरलेला माणूस, अचानक काय झालं कोण जाणे. मी त्यांना खांदा दिला आणि तोंड मिटून परत आलो.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलं असतं, ताई, सगळे कपडे द्या, स्वच्छ धुतो, घरी जा आणि रडा. पण खोटं कशाला बोलू? तुम्ही मघापासून त्या आतल्या दाराकडे बघताय.

काका गेल्यानंतर महिनाभराने मी एप्रन काढून खुंटीला लावत होतो आणि माझा हात थांबला. तो एप्रन माझा नव्हता. माझा फाटला होता, म्हणून ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचा अंगात घातला होता. तोच घालून मी तिचे सगळे कपडे धुतले. म्हणजे घरातलं सगळं भिजलं आणि हा एकटा वाचला, कारण धुण्याच्या वेळी तो माझ्या अंगावर होता. नंतरही तेच. जगाचे कपडे धुतो, पण एप्रन धुवायला तो दिवसभर अंगावेगळा ठेवावा लागतो आणि तेवढी फुरसत मला कधी झाली नाही. मी त्याची गळ्यामागची पट्टी नाकाशी धरली. वरचा वास माझा, दोन वर्षांच्या घामाचा. पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, ती होती.

मला सगळं ठाऊक होतं. काय येतं, कसं येतं, किती दमतं, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तरी मी तो खुंटीला लावला आणि दुसऱ्या दिवशी घातला नाही. नवा आणला.

दहाव्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर आदल्या दिवशीच्या कपड्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. लाल दोरा. गाठी उलट्या.

त्या दिवशी मला दोन वर्षांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. शिंपी म्हणाला, वा, आज तोंडावर तेज आहे. मी दुपारी गाणं गुणगुणत होतो. बरं वाटणं म्हणजे काय ते मी विसरलोच होतो ताई, आणि तुम्ही विसरला असाल तर तुम्हाला दोष कसा देऊ?

हो. मी इथे एकटाच असतो. आत कुणी बाई कामाला नाही.

घाबरू नका, ती काही करत नाही. कामाचं तेवढंच करते. खुणा बांधते, गिऱ्हाइकाला ‘बसा, आलेच’ म्हणते, क्वचित ‘सोमवारी मिळेल’ म्हणते. माझ्याशी मात्र एक शब्द नाही. दुकानात ती माझ्याशी कधी बोलायचीच नाही, बोलायचं आणि भांडायचं ते घरी गेल्यावर, एप्रन काढून. ते सगळं मी साबणाने धुऊन टाकलं ना. मी दाराच्या या बाजूला बसून तुमच्यासारख्या परक्या माणसांशी ती बोलते ते ऐकतो. तेवढ्यासाठी दुकान उघडं ठेवतो.

आणि खोकते. पहिल्या महिन्यात कधीतरी, आता तासातासाला. एप्रन सकाळी पिळून काढण्याइतका ओला असतो. पट्टीवर घाम माझाही होता, म्हणून की काय, सकाळी उठतो तेव्हा माझे खांदे भरून आलेले असतात, बोटांना दोऱ्याचे चरे असतात. कधी कधी आतून खोकला येतो तो पुरुषाचा असतो. तो माझा खोकला आहे ताई. मी मेल्यावरही मला सुट्टी नाही, एवढं कळलंय मला.

साबण तिथे मोरीत आहे. ब्रश आहे, बादली आहे. तासाभराचं काम. रोज म्हणतो, उद्या नक्की. मग सकाळ होते आणि मी आधी त्या गाठी बघतो.

म्हणून हात जोडून सांगतो, सगळं धुऊ द्या मला. तुमच्या माणसाने जन्मभर बस चालवली. त्या शर्टात दुसरं काय असणार? तुम्ही म्हणाल तो परत आला, पण तो तुमच्याकडे पाठ करून बसलेला असेल, समोर बघत, दोन्ही हात पुढे धरून. उतरायचा थांबा कधी येणारच नाही त्याला. तुम्हाला मात्र जेवण गोड लागेल. मी सांगतो, त्यापेक्षा रडणं परवडलं, ताई. रडताना निदान ते माणूस निजलेलं असतं.

हं, आली वीज. चला, मीच बांधतो खुणा, तुमच्यासमोर. एक, दोन, तीन... पँटी दोन... स्वेटर.

सहा.

निळा शर्ट कुठे आहे? तुम्ही उचललात? नाही... मी मोजले होते ना, सात. तुम्ही बसा, मी आत बघतो.

ताई, उठू नका म्हटलं ना. थांबा... पुढे जाऊ नका.

हा बघा. एप्रनच्या शेजारच्या खुंटीवर. मी नाही लावला, मी मघापासून तुमच्यासमोर बसलोय. चिंधी बांधलीय. गाठ उलटी. आजवर तिने असं कुणाचं काही बाजूला काढलं नव्हतं. का काढलं? एकटीने होत नसेल का आता?

पाठीला हात लावू नका, ताई. अकरा दिवसांपूर्वीचा शर्ट आहे, मघाशी काउंटरवर कोरडा होता, मी स्वतः पाहिला. ओला कसा झाला? आणि हे एवढंच चौकोनी, सीटला टेकते तेवढीच जागा...

द्या इकडे. आत्ता धुतो, पाच मिनिटांत. सोडा ना तो, फाटेल.

असं हसू नका हो. इतका वेळ मी कशासाठी सांगत होतो?

काय म्हणालात?

हो... सोमवारी उघडं असतं. सकाळी आठपासून.

नाही. नाही लावणार कॉलरला पाणी.